वाचकांचे प्रश्न : एकाच सर्व्हरवर अल्मालिनक्स ८ आणि ९

प्रश्न : अंबड औद्योगिक वसाहतीत आमचा सुट्या भागांचा छोटा कारखाना आहे. बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर अल्मालिनक्स ८ या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतं, डेटाबेस पोस्टग्रेसचा. ते न हलवता त्याच मशीनवर ९ टाकून सगळं तपासायचं आहे. त्यासाठी ४८० जीबीची दुसरी एसएसडी घेतली आहे. ईएफआय पार्टिशन (मशीन सुरू होताना लागणाऱ्या फाइलींचा डिस्कवरचा भाग) जुनंच वापरलं तर चालेल का?
– एक वाचक, अंबड

उत्तर : नको. विंडोज आणि लिनक्स एका ईएफआय पार्टिशनमध्ये नांदतात, कारण दोघांचे फोल्डर वेगळे असतात. तुमच्या दोन्ही सिस्टिमचं नाव मात्र एकच आहे. ८ आपला बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्रॅम) ‘अल्मालिनक्स’ या फोल्डरमध्ये ठेवते, ९ सुद्धा त्याच फोल्डरमध्ये. ९ टाकल्याबरोबर ८ च्या शिम आणि ग्रब या बूटलोडरच्या दोन भागांच्या फाइलींवर नव्या फाइली बसतील. शिवाय ८ ची ग्रबची अख्खी कॉन्फिग फाइल त्याच फोल्डरमध्ये असते, त्यामुळे तिचा बूट मेन्यूच जाईल. डेटा शाबूत राहील, पण सकाळी कारखाना उघडल्यावर बिलं निघणार नाहीत.

दुसरी डिस्क घेतलीच आहे, तर तिच्यावर स्वतंत्र ईएफआय पार्टिशन करा. आधी पोस्टग्रेसच्या पीजी-डंप कमांडने बॅकअप घेऊन तो मशीनबाहेर ठेवा. मग इन्स्टॉलर यूएसबीवरून नुसता सुरू करून नवी डिस्क दिसते का ते पाहा. जुन्या रेड कार्डांपैकी (अनेक डिस्क एकत्र चालवणारी कार्डं) काहींचे ड्रायव्हर ९ मध्ये राहिलेले नाहीत, आणि प्रोसेसर फारच जुना असेल तर ९ सुरूच होत नाही. दिसली, की मशीन बंद करून जुन्या एसएसडीची केबल काढा आणि फक्त नवीवर ९ टाका : ईएफआयला ६०० एमबी, बूटला १ जीबी, उरलेल्या जागेत एलव्हीएम (डिस्कची जागा गटांत बांधून वाटणारी व्यवस्था).

इथे एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. जुनी डिस्क काढलेली असल्यामुळे ‘अल्मालिनक्स’ हे व्हॉल्यूम ग्रुपचं (एलव्हीएममधल्या जागेच्या गटाचं) नाव आधीच वापरात आहे, हे इन्स्टॉलरला कळत नाही. तो तेच नाव पुन्हा सुचवू शकतो. मग केबल जोडल्यावर ८ ला एकाच नावाचे दोन ग्रुप दिसतात आणि नेमका कुठला उघडायचा, याचा घोळ होतो. म्हणून पार्टिशन करतानाच ग्रुपचं नाव बदला, ‘व्हीजी९’ पुरे.

केबल परत जोडल्यावर ‘ईएफआयबूटएमजीआर’ ही कमांड चालवा. दोन्ही सिस्टिमच्या बूट नोंदी ‘अल्मालिनक्स’ याच नावाने दिसतील, किंवा डिस्क काढल्यामुळे फर्मवेअरने (मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरने) जुनी नोंद उडवलेली असेल. डिस्क, पार्टिशन क्रमांक आणि शिमचा मार्ग देऊन ‘अल्मा ८’ आणि ‘अल्मा ९’ अशा नोंदी नव्याने करा. बूट क्रमात ८ पहिली ठेवा. ९ हवी असेल तेव्हा त्याच कमांडला ‘-एन’ आणि ९ च्या नोंदीचा क्रमांक देऊन रीबूट करा. ही निवड एकाच बूटपुरती असते. पावसाळ्यात मध्येच वीज गेली आणि यूपीएसही उतरला, तरी मशीन पुन्हा ८ मध्येच उठतं. मॉनिटर नसलेल्या सर्व्हरला याहून चांगली सोय नाही.

ओएस-प्रोबरच्या भानगडीत पडू नका. तो एका सिस्टिमच्या मेन्यूत दुसरीचे कर्नल (सिस्टिमचा गाभा) लिहितो. दुसरीचा कर्नल अपडेट झाला, की त्या नोंदी शिळ्या होतात. ९ मध्ये ग्रबची कॉन्फिग नव्याने बनवायची वेळ आली, तर ती बूटमधल्या ‘ग्रब२’ फोल्डरमध्ये बनवा. ईएफआय फोल्डरमधली फाइल ९ मध्ये फक्त तिकडे बोट दाखवते; तिच्यावर लिहू नका.

प्रश्न : दोन्ही सिस्टिमना सामाईक डेटासाठी तिसरी डिस्क लावली. ९ मधून एक्सएफएस या फाइल सिस्टिममध्ये फॉरमॅट केली. ९ मध्ये उघडते, ८ मध्ये माउंट होत नाही आणि सर्व्हर इमर्जन्सी मोडमध्ये अडकतो. डिस्क खराब आहे का?
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : डिस्कवर संशय घेण्याचं कारण नाही. ९ मधलं एक्सएफएस ‘बिगटाइम’ आणि ‘आयनोबीटीकाउंट’ ही नवी वैशिष्ट्यं आपोआप चालू करतं. ८ च्या कर्नलला ती कळत नाहीत, म्हणून तो नकार देतो. फॉरमॅट झाल्यावर बिगटाइम मागे घेता येत नाही. डेटा बाजूला काढा आणि डिस्क ८ मधून फॉरमॅट करा; ९ ती विनातक्रार उघडते. ९ मधूनच करायची असेल, तर फॉरमॅट करताना दोन्ही वैशिष्ट्यं शून्यावर ठेवा. एफएसटॅबमधल्या (सुरू होताना जोडायच्या डिस्कच्या यादीतल्या) तिच्या ओळीत ‘नोफेल’ लिहा, म्हणजे डिस्क उघडली नाही तरी सर्व्हर पूर्ण सुरू होईल आणि एसएसएचने (दुरून लॉगिन करून) आत जाता येईल.

सामाईक डिस्कवर एलव्हीएम असेल, तर ९ मध्ये ती मुळीच दिसणार नाही, असंही होतं. ९ एका यादीत लिहिलेल्या डिस्कच एलव्हीएमसाठी तपासते. ‘एलव्हीएमडिव्हायसेस’ कमांडने तिची भर यादीत घाला.

पोस्टग्रेसचा फोल्डर मात्र सामाईक डिस्कवर ठेवू नका. ८ मध्ये मूळ आवृत्ती १०, तर ९ मध्ये १३. एकीचा फोल्डर दुसरी उघडत नाही. डंप घ्या, ९ मध्ये भरा.

प्रश्न : दोन्ही सिस्टिमना एकच आयपी दिला आहे. सिस्टिम बदलली, की एसएसएच ‘होस्टची ओळख बदलली’ म्हणून अडवतं. काय करावं?
– एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : दोन्हींच्या होस्ट की (सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या किल्ल्या) वेगळ्या, म्हणून तो इशारा येतो. त्या किल्ल्या कॉपी करून तो बंद करता येतो, पण करू नका. ९ ला वेगळा आयपी आणि वेगळं होस्टनेम द्या. आयपी एकच ठेवला, तर चाचणी चालू असताना काउंटरवरचा माणूस खरी बिलं चाचणीच्या डेटाबेसमध्ये टाकत राहील आणि ८ मध्ये परतल्यावर ती सापडणार नाहीत. डंप भरल्यावर ९ मधले क्रॉनजॉबही (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामं) लगेच तपासा. ई-इनव्हॉइस पाठवणारा किंवा ग्राहकांना एसएमएस धाडणारा जॉब तिथे चालू राहिला, तर चाचणीतली बिलं खऱ्या पोर्टलवर जातात.