समुद्रकिनाऱ्यावर रिकाम्या बाटल्या आणि कॅन गोळा करणाऱ्यांचं त्यावर खरंच पोट भरतं का?

गणपतीपुळ्याला पोतं घेऊन फिरणारी एक बाई पाहून तुम्ही विचारलंय की यावर पोट भरतं का आणि सरकारने काय करावं. ती बाई कदाचित आमच्याच दुकानात माल घालत असेल. वडिलांचं भंगाराचं दुकान रत्नागिरीजवळ आहे आणि कॉलेजची सगळी वर्षं मी संध्याकाळी वजनकाट्यावर बसलोय. तेव्हा काट्यावरून जे दिसलं ते सांगतो.

पोट भरतं, पण तुम्हाला वाटतंय त्या प्लास्टिकच्या बाटल्यांवर नाही.

पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली भरते जेमतेम २० ग्रॅम. म्हणजे किलोला ५० बाटल्या. अर्ध्या लिटरच्या असतील तर ८०च्या वर. पन्नास वेळा वाकायचं, बूच काढायचं, पाणी ओतायचं, पायाखाली चेपायची (बूच न काढता चेपली की फटाक्यासारखा आवाज होतो आणि आजूबाजूचे पर्यटक दचकतात), आणि शेवटी हातात येतात एका वडापावाचे पैसे. शिवाय इथला माल घाट चढून जातो. आंबा घाटातून कोल्हापूर सुमारे १३० किलोमीटर. बाटल्यांनी टेम्पो शिगोशीग भरतो पण वजन होत नाही, भाडं मात्र पूर्ण द्यावं लागतं. ते भाडं शेवटी पोतंवालीच्याच भावातून कापलं जातं. आम्हीच कापतो, खोटं कशाला बोलू?

बिअरच्या कॅनचं गणित वेगळं. साठ-पासष्ट डब्यांचा किलो होतो, पण भाव बाटल्यांच्या पाच-सहा पट. अ‍ॅल्युमिनियम खनिजापासून काढण्यापेक्षा जुनं वितळवायला जवळपास ९५ टक्के कमी ऊर्जा लागते, म्हणून त्याला गिऱ्हाईक कायम. आरे-वारेच्या किनाऱ्यावर ३१ डिसेंबरच्या रात्री काय गोंधळ असतो ते बघा आणि १ तारखेला सकाळी सातला जाऊन एक तरी डबा सापडतो का ते बघा. चिप्सची पाकिटं मात्र तिथेच असतात. ती कोणीच विकत घेत नाही.

खरी कमाई काचेवर, कारण ती नगावर विकते. बिअरची ६५० मिलिची बाटली धुऊन पुन्हा भरली जाते. आमच्याकडे येणाऱ्या एक मावशी प्रत्येक बाटलीच्या तोंडावरून बोट फिरवतात. कपचा लागला की ती बाटली नगातून बाद, मग ती नुसती काच, आणि काचेच्या किलोला काही म्हणता काही येत नाही. पव्वे वेगळे ठेवतात. एप्रिल-मेमध्ये कोकमाचं आगळ भरायला गावातल्या बायका त्यांच्याकडूनच बाटल्या नेतात, आमच्यापेक्षा चांगला भाव देऊन.

या मावशी किनाऱ्यावर फारशा जातही नाहीत. दोन लॉज आणि एक खानावळ, एवढी त्यांची मागची दारं ठरलेली. बदल्यात तिथलं मागचं अंगण झाडून देतात. किनाऱ्यावर फिरतात ते ज्यांना असं दार मिळालेलं नाही ते, बहुतेक बाहेरून आलेली कुटुंबं. त्यांच्या मालात वाळू असते म्हणून वजनातून वजा होते. "वाळू झटकून आणलीय, परत कसली कापतोस?" हे वाक्य मी रोज ऐकलंय आणि बऱ्याचदा ते खरंही होतं.

अंगारकी, दिवाळी, मे महिना हे सुगीचे दिवस. जूनपासून लॉज रिकामी. तेव्हा समुद्रच ढिगाने प्लास्टिक वर आणून टाकतो, पण उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने पिवळ्या पडलेल्या, शिंपल्यांची खपली धरलेल्या बाटल्या पुढचा व्यापारी घेत नाही. ते महिने उसनवारीवर जातात. बरेच जण आमच्याकडूनच उचल घेतात आणि मग भावासाठी भांडता येत नाही.

तुम्ही विचारलंय की सरकारने काय करावं. महाराष्ट्राच्या २०१८च्या प्लास्टिकबंदीत पाण्याच्या बाटलीवर परताव्याची किंमत (रिकामी परत दिली की मिळायचे पैसे) छापायची असं ठरलं होतं. आमच्या काट्यावर तशी बाटली देऊन कोणी रुपया मागितलेला मला आठवत नाही. तमिळनाडूत निलगिरीत २०२२पासून दारूच्या बाटलीमागे १० रुपये जास्त घेतात आणि रिकामी आणून दिली की परत देतात. आपल्याकडे पाण्याच्या बाटलीला नुसता एक रुपया खरोखर मिळू लागला, तरी त्याच पन्नास बाटल्यांचे पन्नास रुपये होतील, आणि वाळू कापायचा प्रश्नच उरणार नाही. आमच्या दुकानाचं नुकसान होईल, ते होऊ दे.

तुम्ही स्वतः काय करू शकता? रिकामी बाटली बूच काढून द्या, डबे वेगळ्या पिशवीत ठेवा. आणि बाटलीत सिगारेटची थोटकं कोंबू नका. मावशी ती केसातल्या आकड्याने एकेक करून बाहेर काढतात.