क्षयरोगाची नवी लस अजून बाजारात नाही, मग ती किती जीव वाचवेल हे गणिती मॉडेलवाले आधीच कसं सांगतात? त्यावर विश्वास ठेवावा का?

ठेवावा, पण तो आकडा कशासाठी काढलाय ते बघून. मी गोवा विद्यापीठात एमएस्सी गणिताला टीबीच्या मॉडेलवरच प्रोजेक्ट केला होता आणि त्यावरून आमच्या घरात अजून वाद चालूय, म्हणून लिहायला बसलो.

माझा चुलतभाऊ डिचोलीकडे खाणीवर ट्रक चालवायचा. खोकला सुरू झाला तेव्हा सगळे म्हणाले धूळ आहे, खाणीवरचा कोण खोकत नाही, असं म्हणत म्हणत कित्येक महिने गेले, वजन उतरलं, मग कुठे थुंकी तपासली. सहा महिने गोळ्या घेऊन तो बरा झाला, पण तोवर त्याच्या ट्रकवरच्या क्लीनरलाही टीबी निघाला होता. घरातल्या बाळाला मात्र काही झालं नाही. त्या वर्षी चवथीला गणपतीवर टांगायची माटोळी बांधताना आमचे भावजी, जे स्वतः डॉक्टर आहेत, म्हणाले की बघा बीसीजीने, म्हणजे जन्मल्यावर टोचतात त्या टीबीच्या जुन्या लसीने, पोर वाचलं, उद्या नवी लस आली तर तीही बाळांनाच द्यायची, मोठ्यांना टोचत फिरणं म्हणजे पैशाची नासाडी. मी म्हटलं मॉडेल तर उलटं सांगतं. त्यावर म्हणाले, "तुझं मॉडेल म्हणजे पंचांग." सगळे हसले. ते मला अजून लागतं.

पंचांग कसं? मॉडेलमध्ये लोकांचे कप्पे करतात, जंतू न शिरलेले, जंतू शिरून गप्प बसलेले, आजारी, बरे झालेले, आणि एका कप्प्यातून दुसऱ्यात किती जातात ते दर. हे दर मनाने टाकत नाहीत, देशाच्या खऱ्या आकड्यांशी आधी जुळवतात. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 15 वर्षांवरच्या लोकांत लाखामागे साधारण 316 जणांना फुप्फुसाचा टीबी सापडला आणि लक्षणं असलेल्यांतले जवळजवळ 64% कुठे दाखवायलाच गेले नव्हते, आमच्या भावासारखेच. हे सगळं जुळलं की मॉडेल एकदा लसीशिवाय चालवायचं, एकदा लसीसकट, आणि फरक मोजायचा. म्हणजे ते भविष्य नाही, तुलना आहे.

आणि तुलना काय सांगते? लहान मुलं टीबी फारशी पसरवत नाहीत, खोकून पसरवतात मोठे. बाळांना दिलेल्या लसीचा परिणाम दिसायला ती मोठी होईपर्यंत थांबावं लागतं. 2014 साली लंडन स्कूल ऑफ हायजीनच्या संशोधकांनी गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी हेच दाखवलं, की 2050 पर्यंत किशोरांना आणि मोठ्यांना दिलेली लस बाळांच्या लसीपेक्षा कितीतरी जास्त आजार टाळते. 2023 मध्ये भारतासाठी वेगळा अभ्यास आला, त्यात एम72 ही अजून चाचणीत असलेली नवी लस 50% परिणामकारक आणि संरक्षण 10 वर्षं टिकणारं धरलं तर 2050 पर्यंत सुमारे 1.27 कोटी आजार आणि 20 लाख मृत्यू टळतात. 50% हा आकडाही हवेतला नाही, केनिया, दक्षिण आफ्रिका आणि झांबियातल्या चाचणीत तीन वर्षांच्या शेवटी तेवढंच संरक्षण दिसलं होतं.

आता हेही सांगायला हवं की ती चाचणी जंतू आधीच अंगात असलेल्या मोठ्यांवर होती आणि तीन वर्षांच्या पुढचं 10 वर्षांपर्यंतचं संरक्षण गृहीत धरलेलं आहे. तिसऱ्या टप्प्याची मोठी चाचणी 2024 मध्ये सुरू झाली, तिच्या निकालावर बरंच अवलंबून आहे. एका देशातलं दुसऱ्या देशात चालेलच असं नाही, बीसीजीने ब्रिटनमध्ये चांगलं काम केलं आणि तमिळनाडूत चेंगलपट्टूला 1968 मध्ये सुरू झालेल्या चाचणीत मोठ्यांना फुप्फुसाच्या टीबीपासून काहीच संरक्षण मिळालं नाही. शिवाय एक महिन्याच्या अंतराने दोन डोस आहेत, कामावर जाणारा माणूस दुसऱ्या डोसला येईल का हा प्रश्न आहेच, म्हणून किती टक्के लोक लस घेतील असं धरलंय ते वाचल्याशिवाय कोटींच्या आकड्याने हुरळून जाऊ नका.

पण कोणी म्हणालं की मॉडेल नुसता अंदाज आहे, तर त्यांना विचारा, मग बाळांनाच द्यायची हे तुम्ही कशावरून ठरवलंत? तोही अंदाजच ना, फक्त त्यात काय काय धरलंय ते कुठे लिहिलेलं नाही म्हणून कोणाला तपासता येत नाही. मी धरलेलं सगळं कागदावर आहे भावजी, कुठलीही ओळ घ्या आणि खोडून दाखवा.