आधी गा, मग फुंक

(वाद्यांविषयी वाचकांचे प्रश्न. उत्तरं देतात परभणीचे एक निवृत्त ट्रम्पेट मास्तर.)

प्रश्न : मास्तर, मी एका बँड पार्टीत ट्रम्पेट वाजवतो. वय २१. बोटं चालतात, गाणी पाठ आहेत, पण सूर चिरका निघतो. वर गेलो की क्लॅरिनेटवाले काका मागं वळून बघतात. मोबाईलवर बघून रोज तासभर नुसता माउथपीस (ओठांना लावायचं सुटं तोंड) फुंकतो. फरक तर नाहीच, उलट ओठ सुजतात. सगळे म्हणतात, मन एकाग्र कर. म्हणजे नेमकं काय करू? (एक वाचक, सेलू)

उत्तर : लेकरा, तासभर माउथपीस फुंकणं आजच बंद कर. सकाळी पाच मिनिटं, फार तर सात. बहुतेक पोरं माउथपीस म्हणजे ओठांची तालीम समजतात आणि ओठ सुजवून घेतात. तो कशासाठी हातात घ्यायचा, ते आधी समजून घे.

ट्रम्पेटमध्ये जवळपास दीड मीटरची नळी गुंडाळलेली असते. तू फुंकलंस की ओठ थरथरतात आणि नळीतली हवा त्या थरथरीला आपल्या ठरलेल्या सुरांकडं ओढून घेते. तुझे ओठ पंचमाच्या जरा खाली असले तरी नळी पंचम काढून देते. तुला वाटतं, लागला. लागला खरा, पण ओढाताणीत लागला. त्याला गोलाई कुठून येणार? आता माउथपीस काढून एकटा फुंक. तिथं ओढून घ्यायला लांब नळीच नाही. डोक्यात जो सूर असेल तोच निघणार, आणि डोक्यात काहीच नसेल तर बाटलीत अडकलेल्या माशीसारखं कायतरी भुणभुणणार. माउथपीसवर परीक्षा होते ती कानाची.

तुझा ट्रम्पेट बी-फ्लॅटचा असणार. म्हणजे एकही वॉल्व (बोटांनी दाबायचं बटण) न दाबता निघणारा खालचा सा, पेटीवरची काळी पाच. मोबाईलवर तानपुरा काळी पाचला लाव (त्या मोबाईलचा तेवढा तरी उपयोग होऊ दे). सा रे ग म प आणि परत सा, आकारात गा. गळा कसाही असो, सूर खरा पाहिजे. मग माउथपीसची दांडी टोकाशी अंगठा आणि एका बोटानं हलकेच धर. मूठ आवळलीस की ओठांवर दाब आलाच. जे गायलास तेच ओठांनी काढ. ते जमलं की पंचमावरून सा पर्यंत मींड घेत खाली ये, मध्ये कुठं तुटू देऊ नको. जिथं थरथर बंद पडून नुसती हवा फुसकन जाते, तिथं तुझे ओठ आवळतायत. बहुधा रोज तीच जागा सापडेल. तिथं घुटमळ. ओठांचे कोपरे धरून ठेव, मधला भाग सैल सोड, हवा जरा वाढव.

लगेच ट्रम्पेट उचल आणि तेच हळू आवाजात वाजव. सा मोकळा, रे ला पहिला-तिसरा वॉल्व, ग ला पहिला-दुसरा, म ला पहिला, प पुन्हा मोकळा. हा रे चढा लागतो, त्यात तुझा दोष नाही. तिसऱ्या वॉल्वची स्लाइड (सरकणारी नळी) थोडी बाहेर सरकवायची. आपल्या बँडमधल्या किती तरी ट्रम्पेटांची ती स्लाइड जाम होऊन बसलेली असते आणि कुणाला पत्ताही नसतो.

एकटा माउथपीस फुंकूच नये म्हणणारे उस्तादही आहेत. वाद्य हवेला जसा अडसर करतं तसा एकटा माउथपीस करत नाही, ओठांना भलती सवय लागते, असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य आहे. म्हणून तर पाच मिनिटं म्हणालो.

आता एकाग्रता. डोळे मिटून कपाळाला आठ्या घालणं म्हणजे एकाग्रता असं कुणी सांगत असेल तर ऐकू नको. त्यानं मान आखडते, बाकी काही होत नाही. शिकागोच्या सिम्फनी ऑर्केस्ट्रात १९४४ ते १९८८ आर्नल्ड जेकब्ज नावाचे ट्यूबावादक होते. फुप्फुसाची ताकद बेताची, तरी वाजवायचे ते ट्यूबासारखं दांडगं वाद्य. ट्रम्पेटवालेसुद्धा त्यांच्याकडं शिकायला जायचे. फुंकताना ओठ, जीभ, पोट यांचा हिशोब करत बसायचं नाही, डोक्यात सूर गात ठेवायचा आणि हवा सोडायची, अशी त्यांची शिकवण. पहाटे खर्ज भरणारा आपला गवई दुसरं काय करतो?

तू एवढंच कर : सुपारीला जाताना टेम्पोत ट्रम्पेट मांडीवर घे, न फुंकता बोटं चालव आणि अख्खं गाणं मनात ऐक. कडव्यात जिथं मनातला सूर धूसर होतो, तिथंच तू वाजवताना चिरकतोस. पडताळून बघ.

परण्यात (नवरदेवाच्या मिरवणुकीत) मात्र हे सगळं विसरायला होतं, मला ठाऊक आहे. पुढं डीजे, मागं पोरांचा धिंगाणा, आणि आपण ट्रम्पेट दातांत रुतवून वरच्या सुरात बोंबलतो. दाबानं ओठातलं रक्त थांबतं आणि थरथर मरते. लुई आर्मस्ट्राँगसारख्या माणसाचे ओठ फुटले होते, त्याला मध्ये वाजवणं थांबवावं लागलं. डीजेशी भांडून कुणी जिंकलेलं नाही. गाणं एक सप्तक खाली घे, कडव्यामध्ये युफोनियमला (खालच्या सुरांचं पितळी वाद्य) जागा दे आणि तेवढा वेळ ट्रम्पेट ओठांपासून दूर ठेव. आणखी एक : खालच्या ओठात तंबाखूचा बार भरत असशील तर वरचं काहीच वाचू नको, उपयोग नाही.

हवेकडंही लक्ष असू दे. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेला की ट्रम्पेटचा सूर चढतो, मोठी स्लाइड (सूर जुळवायची) बाहेर ओढ. आमच्या परभणीतल्या डिसेंबरच्या पहाटे तो उतरलेला असतो. आधी गरम फुंक मारून तापव, मग सूर जुळव.

प्रश्न : मुलीच्या दातांना तार बसवली आहे. शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवते. बंद करावं का? (एक आई, उदगीर)

उत्तर : ताई, बंद करू नका, कमी करा. काही आठवडे खालचे सूर, तेही थोडा थोडा वेळ. ओठ आतून सोलवटत असतील तर दातांच्या डॉक्टरांकडं तारेवर लावायचं मेण मिळतं. दाब देऊन वाजवायची सवय असेल तर या तारेमुळं आपोआप सुटेल, आणि ते बरंच आहे.

प्रश्न : माउथपीस ट्रम्पेटमध्ये अडकून बसलाय. पक्कड लावू का? (एक वाचक, जालना)

उत्तर : हात लावू नका! पुढची नळी पिळली गेली की वाद्य गेलं. माउथपीस ओढून काढायचं वेगळं हत्यार असतं, दुरुस्तीवाल्याकडं दोन मिनिटांचं काम आहे. पुढच्या वेळी माउथपीस बसवताना तळव्यानं ठोकू नका, हलका पीळ देऊन बसवा. आणि आता निघाला की कोमट पाण्यानं आतून धुऊन घ्या.