पेशी चिकटायला हव्यात, मग चिकटणं थांबवणारं औषध कशाला?

प्रश्न: माझ्या धाकट्या भावाला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येऊन जखमा होण्याचा आजार. मी वाचलं की या आजारात आतड्याच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारी प्रोटीन्स विस्कटतात. आता त्याला वेडोलिझुमॅब सुरू केलंय आणि ते तर पेशींचं चिकटणंच रोखतं म्हणे. मग जखम भरणार कशी? रक्त पडायचं थांबलंय तरी डॉक्टर परत कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) सांगतायत, टाळली तर चालेल का?

उत्तर: शंका अगदी रास्त आहे, पण ही दोन चिकटणी वेगवेगळ्या जागची आहेत.

पहिलं अस्तरातलं. आतड्याचं अस्तर म्हणजे पेशींचा फक्त एक थर, तोही दर 3 ते 5 दिवसांनी जवळपास सगळा नवा होतो, आणि शेजारशेजारच्या पेशींना ई-कॅडहेरिन नावाचं प्रोटीन घट्ट धरून ठेवतं, त्याच्या वरच्या अंगाला क्लॉडिन, ऑक्लुडिन वगैरे प्रोटीन्सची टाइट जंक्शन्स असतात, ती फटी बुजवतात. पण सगळी क्लॉडिन्स फट बुजवत नाहीत हं, क्लॉडिन-2 उलट सोडियम आणि पाणी जायला वाट करून देतं, आणि सूज असली की नेमकं तेच वाढतं, म्हणून जुलाबात भर पडते.

दुसरं चिकटणं रक्तवाहिनीतलं. रक्तातून वाहत जाणाऱ्या काही पांढऱ्या पेशींवर अल्फा-4-बीटा-7 नावाचं इंटिग्रिन (पेशीला पकड देणारं प्रोटीन) असतं, ते आतड्यातल्या रक्तवाहिनीच्या भिंतीला पकडतं, पेशी तिथे थांबते, भिंतीतून आत शिरते आणि सूज वाढवते. वेडोलिझुमॅब फक्त ही पकड अडवतं. अस्तराच्या पेशींचे हात ते सोडवत नाही, त्यामुळे ती भीती मनातून काढून टाका. 2014 पासून हे औषध वापरात आहे, पण काम सावकाश करतं, काही जणांना फरक जाणवायला 14 आठवडेसुद्धा लागतात, म्हणून भावाला धीर द्या, मध्येच सोडू देऊ नका.

आणि जखम भरते कशी ते मला फार विलक्षण वाटतं. अल्सरच्या कडेच्या पेशी आधी चपट्या होतात, शेजारणीची पकड थोडी सैल करतात, खालच्या पडद्याला इंटिग्रिननेच, पण वेगळ्या प्रकारच्या, धरत धरत उघड्या जागेवर सरकतात, समोरून आलेल्या पेशींना भेटल्या की परत घट्ट जोडल्या जातात. छोटा ओरखडा असा काही तासांत झाकला जातो. खोल अल्सरला मात्र नव्या पेशी तयार व्हाव्या लागतात, आठवडे-महिने जातात, आणि सूज चालूच राहिली तर टीएनएफसारखी सूज वाढवणारी रसायनं हे जोड पुन्हा पुन्हा उसवत राहतात. म्हणून आधी सूज उतरवायची. नुसती 'लीकी गट' (म्हणजे गळकं आतडं) बंद करणारी म्हणून विकतात ती पावडर घेऊन हे होत नाही, त्यावर पैसे घालवू नका.

आता कोलोनोस्कोपी. रक्त थांबलं म्हणजे अस्तर भरलंच असं नसतं. सुजलेल्या अस्तरात बारीक रक्तवाहिन्यांची नक्षी पुसली जाते, दुर्बीण नुसती टेकली तरी रक्त येतं. भरून आलं की ती नक्षी परत दिसायला लागते. आणि असं नीट भरलं असेल तर आजार उलटण्याची, ऑपरेशनची वेळ येण्याची शक्यता कमी होते. मधल्या काळात शौचाची कॅलप्रोटेक्टिन टेस्ट करून आतड्यातल्या सुजेचा अंदाज घेता येतो, पण डॉक्टरांनी आत बघायचं म्हटलंय तर टाळू नका. आणि अंग दुखतंय म्हणून आयबुप्रोफेनसारखी पेनकिलर त्याने डॉक्टरांना न विचारता घेऊ नये, त्याने आजार पुन्हा भडकू शकतो.