यंदा मुलांसाठी कोणती पुस्तके घ्यावीत? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

बालदिनाच्या सुमारास 'या वर्षीची चांगली बालपुस्तके सुचवा' अशी मागणी करणारी पत्रे दरवर्षी येतात. यंदा आलेल्या पत्रांत नुसत्या यादीच्या मागणीपेक्षा घरातील नेमकी अडचण सांगणारी पत्रे अधिक होती. त्यांतील चार प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळालेले पुस्तक मी आवर्जून विकत आणते. मुलगा आठवीत आहे, मुलगी दुसरीत. मात्र आणलेले पुस्तक पुष्कळदा दोघेही उघडत नाहीत. पुरस्कारांवर विसंबावे की नाही? (एक आई, सातारा)

उत्तर : विसंबायला हरकत नाही, पण या पुरस्काराचे स्वरूप लक्षात ठेवावे. २०१० पासून दिला जाणारा हा पुरस्कार एका भाषेला वर्षातून एकच मिळतो. त्यामुळे बालगीते, चित्रकथा आणि आठवी-नववीतील मुलांसाठीची कादंबरी यांना एकाच रांगेत उभे राहावे लागते. शिवाय पुरस्काराचे वर्ष आणि पुस्तकाच्या प्रकाशनाचे वर्ष एकच नसते. आधीच्या काही वर्षांतील पुस्तकांतून निवड होते. म्हणजे 'यंदाचे पुस्तक' हे शब्द सैलपणेच घ्यायचे.

मराठीतील अलीकडची निवड पाहिली, तर २०२५ चा पुरस्कार सुरेश सावंत यांच्या 'आभाळमाया' या कवितासंग्रहाला मिळाला, २०२४ चा भारत सासणे यांच्या 'समशेर आणि भूतबंगला' या रहस्यमय कादंबरीला, आणि त्याआधी २०२३ मध्ये एकनाथ आव्हाड यांचा 'छंद देई आनंद' हा पुन्हा कवितासंग्रहच होता. आपल्या आठवीतल्या मुलासाठी यांतून सासणे यांची कादंबरी घ्यावी. त्याला रहस्यकथेपेक्षा गंभीर काही चालत असेल, तर २०१७ चे पुरस्कारप्राप्त पुस्तक, ल. म. कडू यांचे 'खारीच्या वाटा', अवश्य द्यावे. धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या गावातील मुलाची ती कहाणी आहे, आणि सातारा जिल्ह्यात कोयनेमुळे गाव सोडावे लागलेली माणसे अजून घराघरांत असल्याने त्या पुस्तकावर बोलायला घरातले वडीलधारेही पुढे येतील. मुलीच्या हाती मात्र कवितासंग्रह नुसता ठेवून भागणार नाही. कविता मोठ्याने म्हणून दाखवावी, दोनदा म्हणावी, तिसऱ्यांदा तिने आपणहून ओळ पुरी केली की पुस्तक तिचे झाले. विंदा करंदीकरांच्या मुलांसाठीच्या कविता अशा म्हणण्यासाठी आजही ताज्या आहेत.

एक सूचना सर्वांसाठीच. दुकानात पुस्तकाचे पहिले पान हलक्या आवाजात वाचून पाहावे. जीभ अडखळली किंवा स्वतःलाच कंटाळा आला, तर मुलालाही येणार आहे. मुखपृष्ठावर 'संस्कारक्षम' असे ठळक छापलेले पुस्तक आम्ही स्वतः जरा जपूनच उघडतो.

प्रश्न : मुलगी दहा वर्षांची आहे आणि इंग्रजी माध्यमात शिकते. मराठी अस्खलित बोलते, पण वाचताना अक्षर-अक्षर जुळवते. सोपी पुस्तके तिला 'बाळांची' वाटतात, तिच्या वयाची पुस्तके तिला वाचवत नाहीत. (एक वडील, ठाणे)

उत्तर : हा प्रश्न आज शहरांतील कितीतरी मराठी घरांचा आहे, आणि बहुतेक ठिकाणी त्यावर चुकीचा उपाय होतो: दहा वर्षांच्या मुलीपुढे पाच वर्षांच्या मुलाचे पुस्तक ठेवले जाते आणि ती मराठी पुस्तकांपासूनच दुरावते. आपली मुलगी ऐकून समजते त्या पातळीवर दहा वर्षांची आहे. मागे पडले आहेत ते फक्त डोळे. तेव्हा काही महिने वाचण्याचे काम आपण करावे आणि तिने ऐकावे.

त्यासाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आमच्या मते अजूनही पहिल्या क्रमांकावर आहे. फुरसुंगीचा हा किडकिडीत बनेश सायकलवर टांग मारून निघतो, तोंडाने 'टॉक्' करतो आणि नको तिथे नाक खुपसतो. वाक्ये छोटी, बोलणी खटकेबाज, आणि संकटात सापडलेल्या मुलाला खिशातून मोबाइल काढून आईला फोन करता येत नाही, ही तर आजच्या मुलांना स्वतंत्रच गंमत वाटते. प्रकरण संपेपर्यंत वाचू नये. बनेश नेमका अडकला की पुस्तक उघडेच ठेवून स्वयंपाकघरात काही काम काढावे. पुढचा अर्धा परिच्छेद ती स्वतः जुळवत वाचेल. तेवढाच पुरे, लगेच 'आता रोज तूच वाच' असे म्हणून त्यावर पाणी ओतू नये.

तिने स्वतः वाचायचा मजकूर वेगळा असावा. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची 'चिंटू' ही चित्रमालिका यासाठी उत्तम, कारण तीन-चार चौकटींत विनोद पुरा होतो आणि चित्र अर्धे वाक्य आधीच सांगून टाकते. थोडी गती आली की माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेले 'वाचू आनंदे' आणावे. त्यात मराठीतील नामवंत लेखकांचे वेचे आहेत, जोडीला भारतीय चित्रकलेतील नमुने आहेत, आणि 'हे बाळांचे' असा आक्षेप घ्यायला कुठेही जागा नाही.

प्रश्न : आमच्या गावात पुस्तकांचे दुकान नाही आणि खर्चही झेपत नाही. (एक शिक्षक, जिल्हा हिंगोली)

उत्तर : बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आहे, आणि त्याचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर विनामूल्य ठेवले आहेत. एका मोबाइलवरून वर्गाला वाचून दाखवता येतील. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरही मराठी गोष्टी फुकट उतरवून घेता येतात, मात्र अनुवादाचा दर्जा कमी-जास्त असल्याने आधी स्वतः वाचावे. विकत घ्यायचेच तर 'साधना' साप्ताहिकाचा बालकुमार दिवाळी अंक आणि नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तके खिशाला परवडणारी आहेत. ट्रस्टने मराठीत आणलेले 'तोत्तोचान' हे जपानी शाळेवरचे पुस्तक आपण, शिक्षक म्हणून, मुलांच्या आधी वाचावे असा आमचा आग्रह आहे.

प्रश्न : नातू न्यू जर्सीत असतो, वय अकरा. त्याला 'श्यामची आई' वाचून दाखवावी असे मनात आहे. मुलगा म्हणतो, 'बाबा, ते फार रडके आहे, शिवाय त्याला त्यातले काही कळणार नाही.' (एक आजोबा, रत्नागिरी)

उत्तर : आपल्या मुलाचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. पुस्तकाचा उत्तरार्ध कर्ज, अपमान आणि मृत्यू यांनी भरलेला आहे, आणि तो दूरच्या मुलापुढे एकदम ठेवणे बरे नव्हे. पण साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकाची बांधणीच आपल्या कामाची आहे. श्याम आश्रमातील सोबत्यांना रोज रात्री एक आठवण सांगतो, म्हणून प्रकरणांना नावच 'रात्र' आहे, आणि अशा ४२ रात्री आहेत. आपली संध्याकाळ ही तिकडची सकाळ, तेव्हा शनिवार-रविवारी व्हिडिओ कॉलवर एकेक रात्र सहज होईल. क्रम पाळण्याची गरज नाही.

आरंभ श्यामच्या पोहण्याच्या प्रकरणाने करावा. पोहायला जायचे टाळून माळ्यावर लपून बसलेल्या मुलाला आई बाहेर काढते, मारत विहिरीकडे धाडते आणि नंतर, लोकांनी तुला भित्रा म्हटलेले मला खपणार नाही, असे समजावते. नातू हमखास विचारेल की आईने मारले का. त्याला उत्तर देताना आईची बाजू लावून धरू नये. पूर्वी मारत असत, आज ते योग्य मानत नाहीत, असे सरळ सांगावे आणि मग त्यालाच विचारावे की श्यामने काय करायला हवे होते. कोकणातील घर, विहीर, गाय हे शब्दांनी समजले नाही, तर कॉल चालू असतानाच फोन घेऊन अंगणात जावे. श्यामच्या आईच्या आजारपणाची प्रकरणे नातवाच्या आईबाबांशी बोलून, तो सुट्टीत रत्नागिरीला येईल तेव्हासाठी ठेवावीत.