जिवती तालुक्यातील गावांवर दोन राज्यांचा दावा

प्रश्न : चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातील काही गावांत महाराष्ट्र आणि तेलंगण या दोन्ही राज्यांचा कारभार कसा चालतो?

उत्तर : माणिकगड पहाडावरील ही गावे ज्या राजुरा भागात मोडत होती, तो पूर्वी हैदराबाद संस्थानच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता आणि 1956 च्या राज्यपुनर्रचनेत मुंबई राज्यात आला. मात्र परमडोली, मुकदमगुडा, अंतापूर आदी गावांवर पलीकडच्या आंध्र प्रदेशचा दावा कायम राहिला. आज आंध्रातून वेगळे झालेले तेलंगण ती आसिफाबाद जिल्ह्याच्या केरामेरी मंडळात (तेथील तालुक्यासारख्या विभागात) धरते. त्यामुळे येथे शाळा, शिधापत्रिका व ग्रामपंचायती दोन्हीकडच्या आढळतात. कायद्याने कोणालाही दोन मतदारसंघांत नाव नोंदवता येत नसताना येथील अनेकांची नावे दोन्ही राज्यांच्या याद्यांत आहेत. यात गावकऱ्यांना दोष देणे अन्यायाचे ठरेल, कारण दुहेरी कागदपत्रांनंतरही कसत्या जमिनीचा पट्टा अनेकांच्या हाती नाही. शिवाय येथील बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत, तर तेलंगणात अनुसूचित जमातींत गणला जातो. म्हणून राज्य निवडणे म्हणजे मुलांच्या सवलती निवडणे होय. सीमा बदलण्याचा अधिकार संविधानाच्या अनुच्छेद 3 नुसार केवळ संसदेला आहे; जमिनीची मोजणी व पट्टेवाटप मात्र महसूल खात्याने तातडीने हाती घ्यावे.