वडिलांना नुकताच मधुमेह निघालाय. आहार-व्यायामावरचं संशोधन घरात कसं लावायचं?

तुम्ही लिहिलंय, वडील ५८ वर्षांचे, साताऱ्यात असतात, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ८.१ आलाय आणि भावकीतला एक जण भात सोडा म्हणतोय तर दुसरा गोळ्याच सोडा म्हणतोय. मी डॉक्टर नाही. सांगलीत लॅबमध्ये रक्त काढायचं काम बावीस वर्षं केलं आणि गेली सात वर्षं मलाही शुगर आहे.

कुठलाही अभ्यास घरात आणायच्या आधी त्यातली माणसं कोण होती ते बघा. ‘मधुमेह उलटवला’ म्हणून जो ब्रिटनचा ‘डायरेक्ट’ नावाचा अभ्यास (२०१७) फिरत असतो, त्यात वर्षभरानं ४६ टक्के लोकांची शुगर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. खरं आहे ते. पण ती माणसं सरासरी शंभर किलोच्या आसपासची, निदान होऊन सहा वर्षांच्या आतली, इन्सुलिन न घेणारी. तीन ते पाच महिने दिवसाला साडेआठशेच्या आसपास कॅलरी, त्याही सूप आणि शेकवर. पंधरा किलो किंवा जास्त उतरवलेल्यांत हे प्रमाण ८६ टक्के होतं. माझं वजन चौसष्ट, त्यातले पंधरा काढले तर उरणार काय? आणि गोळ्या तिथं डॉक्टरांनी थांबवल्या होत्या, भावकीनं नव्हे.

चेन्नईचा २००६ चा अभ्यास आपल्या हाडापेराच्या माणसांवरचा. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांना चालायला आणि आहार बदलायला लावलं. तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं, तेही वजन फारसं न उतरता. हा मात्र वडिलांपेक्षा तुमच्या कामाचा. एकदा स्वतःचं रक्त तपासून घ्या.

आता ताट. भात सोडून ज्वारीची भाकरी धरली की झालं असं मलाही वाटायचं. मग एकदा बायकोच्या भाकरीचं पीठ काट्यावर ठेवलं: एका भाकरीला ऐंशी ग्रॅम! मी तीन खायचो. घरच्या मशीनवर जेवणानंतर दोन तासांनी बघितलं तर २३१. पुढचे तीन दिवस दीड भाकरी, वाटीभर मटकीची उसळ आणि आधी काकडी-मुळा. १७०च्या आसपास आली. हा काही अभ्यास नव्हे, पण मला पटायला पुरला. गुळाच्या चहाबद्दल विचारलंत, तर मशीनला गूळ आणि साखर यांतला फरक कळत नाही.

सगळ्यात स्वस्त आणि आपल्याला बरोब्बर बसणारा अभ्यास न्यूझीलंडचा आहे, २०१६ चा, ४१ रुग्णांवरचा. दिवसातून एकदा तीस मिनिटं चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची शुगर १२ टक्क्यांनी कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर २२ टक्क्यांनी. कारण सोपं आहे: रात्री पिष्ट जास्त पोटात जातं आणि नंतर माणूस हलत नाही. आपल्याकडं नऊला जेवण आणि लगेच मालिका. चालताना मांडीचे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढतात. मी हात धुतले की पायात चप्पल घालतो, गल्लीला तीन फेऱ्या. आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून उठ-बस, कारण स्नायूच उरले नाहीत तर साखर ओढणार कोण?

एक चूक मात्र माझी करू नका. ग्लिमेपिराइड (शुगर गरजेपेक्षा खाली नेऊ शकणारी मधुमेहाची गोळी) घेऊन, नाश्ता न करता आयर्विन पुलावर झपाझप चालायला गेलो. मध्यावर हात थरथरायला लागले, दरदरून घाम. कठड्याला टेकून उभा राहिलो तेव्हा एका भाजीवाल्या मावशींनी उसाचा रस आणून पाजला. वडिलांच्या गोळ्यांत ते औषध आहे का बघा, आणि चालणं वाढवायच्या आधी डॉक्टरांना डोस विचारा. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर हा धोका फार कमी. खिशात ग्लुकोजची पुडी असू द्या. पायाला मुंग्या येत असतील तर आधी तळपाय तपासून घ्या, अजिंक्यताऱ्याचा चढ नंतर.